बेहडा नं. १७, शेरा: पोकळ

७ एप्रिल
पेठहून भर उन्हात गाडीवर परत. कंबर गेली. हिरामणच्या शेतातल्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी बसलीय. ढोलीचं तोंड आतून लिंपलेलं, चोच मावेल एवढीच फट. नर फळ भरवून गेला. पिल्लं मोठी होईस्तोवर ती कोंडलेली. पिसं झडतात, उडताही येत नाही.
ऑफिसात तोडीचा परवाना काढून बघितला. झाड नं. १७, बेहडा. शेरा – 'पोकळ, निरुपयोगी. तोडीस हरकत नाही.' अक्षर माझंच.

८ एप्रिल
नोकरीभर किती झाडांना 'पोकळ' लिहिलं, कोण जाणे. आम्हाला लाकूड मोजायला शिकवलं. ढोली म्हणजे लाकडात घट. धनेशाला जुनं, पोकळ झाडच लागतं, आणि आम्ही तेच आधी पाडतो. घरी बायकोला, सुनंदाला सांगितलं. म्हणाली, "तुम्ही एकटेच लिहीत होता का?" खरंय. तरी जेवण गेलं नाही.

१४ एप्रिल
जयंती. सुनंदाला मिरवणुकीला सोडून हिरामणकडे. त्याला आंब्याची कलमं लावायचीत, पावसाआधी खड्डे हवेत. "साहेब, पोकळ तुमीच लिवलं. आता तुमीच राख म्हणता." त्याची आई नागली पाखडत होती. "बाळंतीण हाय रं ती. बाळंतिणीचं घर पाडत्यात का?" हिरामण म्हणाला, बघतो.

२२ एप्रिल
शेरा चुकला, दुरुस्त करावा, असा अर्ज साहेबांपुढे ठेवला. "भालेराव, तीन महिन्यांत रिटायर होताय. एक शेरा चुकला म्हटलं की जुनं सगळं उकरतील. पेन्शन अडकवून घ्यायचीय?" अर्ज घडी करून खिशात. भित्रा आहे मी.

२९ एप्रिल
दिला अर्ज. आवक नंबर घेतला. घरी सांगितलं नाही अजून. दुपारी हिरामणचा फोन, उद्या लाकूड व्यापाऱ्याची माणसं तोडीला येणार. अर्जाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. म्हटलं, हा दाखव त्यांना.

३० एप्रिल
पोचेपर्यंत अकरा. बेहडा उभा. बाकी सगळं आडवं, ओढ्याकाठची जुनी पिंपरणसुद्धा. परवान्यात तीही होती. हिरामण खुशीत, "तुमी सांगितला तेवढा राखला." धनेशाचा नर त्या पिंपरणीचीच फळं आणत होता. पिंपरणीचं मी बोललोच नाही. अर्जात एकच झाड.
फटीतून चोच बाहेर येते, आत जाते. हिरामणच्या आईला विचारलं, आणखी पिंपरणी कुठं? तिनं टेकडीकडे हात केला. "तिकडं व्हत्या."
तीन वाजले. बेहड्याखाली बसून लिहितोय. नर अजून आला नाही.