सभापती महोदय, बंब कुठे आहे?

मंगळवार, ४ मार्च

मेले मी! सगळ्या नैरोबीने वाचलं असणार.

कोणता सिनेटर सभागृहात किती बोलला, ते आज पेपरात आलंय. मी जवळजवळ तळाला. माझ्या खाली फक्त एक जण — आणि तो बिचारा नोव्हेंबरात वारला! ‘स्थानिक कारभार आणि उत्तरदायित्व’ या चर्चेतलं माझं योगदान म्हणून एकच वाक्य छापलंय : “सभापती महोदय, ती खिडकी लावता का?”

माझा सहायक मुथोका पेपर घडी घालत म्हणाला, “मॅडम, निदान वाक्य पूर्ण तरी आहे.”

प्रचारात लॉरीवर उभी राहून मी गाते, नाचते, विरोधकांच्या नकला करते. पण सभागृहाच्या त्या लाल गालिच्यावर उभं राहिलं की गुडघे आपापसात बोलायला लागतात. मला काही बोलू देत नाहीत.

बुधवार, ५ मार्च

गावाकडे किथ्वानीचा बाजार जळला. माणसं वाचली, देवाची कृपा. पण भाजीवाल्यांच्या टपऱ्या गेल्या, कातुंगेचं धान्याचं दुकान गेलं. कातुंगे माझी शाळेतली मैत्रीण. फोनवर आधी रडली, मग भडकली.

“काउंटीचा आगीचा बंब आलाच नाही, स्योंबुआ! आम्ही बादल्यांनी विझवत होतो! तुला मतं दिली ती काय खिडक्या लावायला?”

म्हणजे पेपर तिथंही पोचलाय.

हा बंब आमच्या काउंटीच्या गव्हर्नर न्झिओकीने गेल्या वर्षी बँड लावून आणला होता. स्वतः वर चढून घंटा बडवत होता. त्यानंतर कोणी पाहिलाय तो?

गुरुवार, ६ मार्च

बोलले! बोलले!! सकाळी न्हाणीघरात घोकून घोकून साबण डोळ्यात गेला, पण बोलले. “सभापती महोदय, आमच्या काउंटीचा बंब कुठे आहे?” पुढचं सगळं भाषण विसरले, म्हणून तेच पुन्हा विचारलं. मग पुन्हा. लोकांना वाटलं मी चिडलेय!

सरोवराकडचे म्हातारे सिनेटर ओगोला बाक बडवून ओरडले, “बाई बोलल्या हो, बाई बोलल्या!” खिडकी कुणीतरी आधीच लावली होती.

आता समिती गव्हर्नरला जाब विचारणार. १२ तारखेला.

शनिवार, ८ मार्च

गव्हर्नरचा फोन. आवाजात नुसता मध.

“ताई, आपण एकाच मातीतले. तो बंब शोधू नका. सापडला तर तुम्हालाच जड जाईल.”

मला धमकी! मी म्हटलं, “काय व्हायचं ते होऊ दे!” आणि फोन आपटला. (मोबाइल आपटायचा नसतो. काच गेली.) दिवसभर आरशासमोरून जाताना मान ताठ.

रविवार, ९ मार्च

पहिल्यापासून नीट लिहिते.

चर्चनंतर मुथोकाला घेऊन गावी आईकडे जेवायला गेले. आईने मुथोकोई शिजवली होती — कांडून सालं काढलेला मका आणि घेवडा, वर भरपूर कांदा. दोनदा घेतली. हात धुवायला मागे गेले तर आईची सुकुमाची पालेभाजी ही एवढी! पानं हत्तीच्या कानाएवढी, हिरवीगार. मार्चमध्ये! आसपास गवताची काडी नाही, गाढवं पाण्याच्या कॅनखाली वाकलेली, आणि इथे चिखल!

म्हटलं, “आई, ही कशी गं?”

तेवढ्यात घंटा वाजली. फाटक उघडलं. लाल, चकचकीत — बंब!

शिरस्त्राण घातलेल्या दोघांनी उतरून आईच्या टाकीत नळी सोडली. एकाने मला सलाम ठोकला. आई म्हणाली, “या रे पोरांनो, चहा तयार आहे.”

मुथोकाने हातातली ताटली तोंडापुढे धरली. हसत होता, मेला.

“आई! ही काय भानगड?”

“भानगड कसली? गव्हर्नर पाठवतो. गुणी मुलगा! म्हणाला, सिनेटरची आई पाण्यावाचून कशी राहील? मला वाटलं तूच सांगितलंस.”

“मी नाही सांगितलं!”

“मग तुझ्यापेक्षा त्यालाच माझी जास्त काळजी.”

“बाजार जळला तेव्हा हा कुठे होता?”

आईने किटली खाली ठेवली. मग हळूच म्हणाली, “इथेच होता. पोरं निघाली होती. मीच म्हटलं, आणखी एक गरम तळलेली मंडाझी खाऊन जा.”

चहा न घेताच निघालो.

सोमवार, १० मार्च

मुथोका म्हणतो, घसा बसला म्हणून सांगा.

आई म्हणते, “माझं नाव घेतलंस तर माझ्या दारात पाऊल ठेवू नकोस. चर्चमध्ये कुठल्या तोंडाने बसू मी?”

कातुंगे म्हणते, “बुधवारी रेडिओ लावून बसणार आहोत आम्ही सगळे.”

मला खरंच ताप येईल का? कपाळ थंडगार आहे. दगाबाज कपाळ!

बुधवार, १२ मार्च

गव्हर्नर समितीपुढे आला तो निळ्या सुटात, मागे कागदपत्रांच्या सुटकेसा उचलणारी माणसं. बंब कुठे विचारल्यावर म्हणाला, “लोककल्याणाच्या कामावर आहे, अध्यक्ष महोदय. सविस्तर माननीय सिनेटर बाईच सांगतील.” आणि माझ्याकडे बघून गोड हसला. मी गप्प बसणार याची खात्रीच होती त्याला!

उठले. गुडघे टेबलाला लागून ग्लास किणकिणायला लागला. सगळे ग्लासाकडे बघायला लागले.

“अध्यक्ष महोदय, बंब माझ्या आईच्या अंगणात असतो. किथ्वानीचा बाजार जळत होता तेव्हा तो आईच्या भाजीला पाणी घालत होता. मला रविवारी कळलं. गव्हर्नर साहेबांना वाटलं, आईचं नाव आलं की मी गप्प बसेन. मलाही तसंच वाटलं होतं.”

ओगोला असे हसले की त्यांची कवळी टेबलावर आली. कवळी पुन्हा बसवून त्यांनी गंभीरपणे विचारलं, “भाजी कशी आलीये?”

“उत्तम, महोदय.”

हेही नोंदलं गेलं! माझं योगदान!

गव्हर्नरचं हसू मात्र मावळलं. बंब ताबडतोब बाजारात उभा करायचा आणि जळलेल्या दुकानांची भरपाई काउंटीने द्यायची, असा आदेश निघाला. सुटकेसा उघडल्याच नाहीत.

बाहेर येऊन आईला फोन लावला. तिने कापला.

शनिवार, १५ मार्च

पेपरचा मथळा : ‘सिनेटरने आईलाच पकडून दिलं!’

आई अजून फोन घेत नाही. कातुंगेने सांगितलं, बंब बाजारात आलाय, आणि आई रोज त्याच्याशेजारी स्टूल टाकून बसते. भाजी कापून आणते, ज्यांच्या टपऱ्या गेल्या त्यांना फुकट वाटते. पहिल्या दिवशी लोकांनी टोमणे मारले. तर ही स्टुलावर उभी राहिली, म्हणाली, “हो, पाणी मी घेतलं! चुकले! आता विचारा काय विचारायचं ते.” लोकांनी विचारलं, हिने उत्तरं दिली. गर्दी हटेना.

एवढ्या वयात, भर बाजारात, माझ्यामुळे! उद्या गावी जाऊन पाया पडणार.

रविवार, १६ मार्च

निघणार तोच आईचा फोन! “रेडिओवर ऐकलं तुला. खरं बोललीस, बरं वाटलं. पण फार हळू बोलतेस गं. बाजारातल्या लोकांचंही तेच म्हणणं पडलं.” मग घसा खाकरून म्हणाली, पुढच्या निवडणुकीला ती उभी राहतेय. मी म्हटलं, गव्हर्नरच्या विरोधात? शाब्बास, आई! “छे गं,” आई म्हणाली, “सिनेटला.”