नुसते ओठ हलव

थोरले,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी राग ऐकून घे.

धाकटीची पोर किती हौसेने तुझ्या गाण्याच्या क्लासला आली होती! आणि कार्यक्रमाच्या दिवशी तू तिला बाजूला घेऊन म्हणालीस, "तू नुसते ओठ हलव, आवाज काढू नकोस." अगं, मावशी ना तू तिची?

आधी ही पोर भांडी घासताना गायची. सूर एकीकडे, ताल दुसरीकडे, पण अख्खं स्वयंपाकघर डुलायचं. मी म्हणायचे, "हळू गं, छप्पर उडेल!" ती म्हणायची, "उडू दे आजी, लांबवर ऐकू जाईल." काल मोरीत बसून भांडी घासत होती, तर ओठ हलत होते आणि आवाजच नव्हता. विचारलं, तर म्हणते, "आजी, खरं गाणं असंच असतं."

सूर कच्चा असेल तर शिकव की! पडतंय म्हणून रांगतं मूल कुणी बांधून ठेवतं का?

लहानपणी तू गायला लागलीस की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "भांडी पडली का हो?" मी ठसक्यात सांगायचे, "नाही, माझी लेक गातेय." शेजारणीचं ते बोलणं तुझ्या कानावर मी कधी येऊ दिलं नाही. आजही येऊ देणार नाही, म्हणून हे पत्र माझ्या पेटीतच राहील.

आज संध्याकाळी मात्र मी पोरीशेजारी भांडी घासायला बसणार आहे आणि तोंड भरून गाणार आहे. बघू, किती वेळ गप्प राहते ती.

आशीर्वाद आहेतच.

तुझी भसाडी
आई