काळ्या वाळूचा किनारा आणि माझा व्हिसा

११ ऑगस्ट २००२, रविवार. फिरा, सँटोरिनी

पोचलो! धक्क्यावरून वर पाहिलं तर सरळ उभा कडा, आणि त्याच्या माथ्यावर कुणी चुना सांडावा तशी पांढरी घरं. ज्वालामुखी फुटला, बेटाचं पोट समुद्रात गेलं, आणि उरलेल्या काठावर माणसं राहताहेत. चंद्रहास मान वर करून बघत राहिला. "कुठल्या कॉन्ट्रॅक्टरने केलं असेल हे? इन्शाल्ला टिकेल म्हणून ठोकून दिलंय!"

मी हसले. पण सांगितलं नाहीच. विमानात सांगणार होते. मग अथेन्सला. मग बोटीवर. बोटीवर वारा फार होता.

वारा फार होता! काय पण कारण.

१२ ऑगस्ट, सोमवार

निदान इथे तरी सरळ लिहावं. शारजातल्या एका शाळेने मला घेतलंय. पाचवी-सहावीला विज्ञान. इतकी वर्षं जेवणाच्या टेबलावर शिकवण्या घेतल्या, आता वर्ग मिळणार. आणि व्हिसा शाळेचा, माझ्या स्वतःच्या नावावर. चंद्रहासने अजमानचं ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं वर्कशॉप भागीदार दौलतभाईंना देऊन टाकलंय. ऑक्टोबरअखेर त्याचा व्हिसा खलास, आणि मी त्याच्या व्हिसावर, म्हणून माझाही. कोथरूडचा फ्लॅट रंगवून तयार आहे. एकवीस वर्षं 'पुढच्या वर्षी परत जायचं' म्हणत होतो, ते वर्ष एकदाचं आलं. ही सहल म्हणजे त्याच्या मते आखातातला निरोप.

आणि मला जायचं नाहीये.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, परत आलात की लगेच हो-नाही कळवा. आणि नवऱ्याची एनओसी आणा. पत्नीने नोकरी करण्यास माझी हरकत नाही. चव्वेचाळीस वर्षांच्या बाईने हे मागायचं! माझी मैत्रीण हेमा म्हणते, "अगं, सहीच तर हवी. चहाबरोबर पुढे कर."

हेमाला चंद्रहास माहीत नाही. नाही म्हणणार नाही तो. पण त्याचं तोंड एवढंसं होईल, ते मला बघवणार नाही.

१३ ऑगस्ट, मंगळवार

पिर्गोस गावात गेलो. गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून गाढव आलं तर भिंतीला चिकटायचं. चंद्रहास प्रत्येक खिडकीपाशी थांबतो, चौकटीवर नख मारून बघतो. "सगळं लाकूड! या खाऱ्या वाऱ्यात? माझे चार लोक द्या, महिन्यात गाव बदलून देतो." आतून एका बाईने खिडकी लावून घेतली. मी त्याला ओढत पुढे नेलं.

संध्याकाळी आमच्या खोल्यांची मालकीण कतेरिना कोवळी वांगी चिरत पायरीवर बसली होती. काळा झगा, दात दोन-तीनच. तिचं इंग्रजी तुटकं. छप्पन सालच्या भूकंपात घर पडलं. "फॉल डाउन. बिल्ड अगेन." पुन्हा पडलं तर, मी विचारलं. "अगेन!" म्हणाली, आणि मीच वेडी असल्यासारखं माझ्याकडे पाहिलं. मग तिने विचारलं, "दुबाई, युवर होम?"

"नो, नो," चंद्रहास म्हणाला. "टेम्पररी."

एकवीस वर्षं! आमची लेक उर्वी तिथे जन्मली, वाढली, पुण्याला कॉलेजात गेली. ही बाई ज्वालामुखीच्या काठावर कायमची, आणि आम्ही सपाट वाळवंटात तात्पुरते. रात्री झोप लागली नाही.

१४ ऑगस्ट, बुधवार

आज इयाला सूर्यास्त. त्यासाठी इतकी गर्दी की सांगता आलं नाही.

१५ ऑगस्ट, गुरुवार

मेरीमातेचा सण. सगळी दुकानं बंद. कतेरिनाने आम्हाला तिच्या देवळात नेलं. बाहेर लांब टेबलं मांडलेली, येईल त्याला जेवण. पिवळ्या डाळीचं घट्ट वरण वाढलं, वर कच्चा कांदा. चंद्रहास एकदम खूश! "मीना, महाप्रसाद! आणि झेंडावंदनही आजच." मग हळूच, "फोडणी विसरले मात्र."

उर्वीला फोन केला. "आई, जस्ट टेल हिम! व्हॉट्स द बिग डील?" मागे मैत्रिणींचा गोंधळ. एकोणिसाव्या वर्षी सगळंच जस्ट असतं.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

सांगितलं.

पेरिसाच्या किनाऱ्यावर. वाळू काळीभोर, लाव्ह्याची, उन्हात तव्यासारखी तापलेली. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून, चपला हातात घेऊन तो पाण्यात उभा होता. मी शेजारी जाऊन एका दमात बोलून टाकलं. शाळा, व्हिसा, एनओसी.

"कधीपासून चाललंय?"

"जूनपासून."

"उर्वीला माहितेय?"

"हो."

"हेमाला?"

"तिलाही."

"म्हणजे मी सोडून सगळ्या गावाला."

हातातल्या चपला तिथेच पाण्यात टाकून तो निघाला. ताठ मानेने, रागाने, तापलेल्या वाळूतून! दहा पावलं गेला असेल, मग उडायला लागला. एक पाय वर, मग दुसरा. मी वाहत चाललेल्या चपला पकडल्या आणि साडी सावरत मागे धावले. छत्रीखालचे लोक बघत होते. "घाल!" मी ओरडले. त्याने घातल्या. थँक यू म्हणाला! एकवीस वर्षांत पहिल्यांदा मला थँक यू, ते असं.

बसमध्ये वेगळ्या सीटवर जाऊन बसला.

१७ ऑगस्ट, शनिवार

एंबोरिओ गाव. जुन्या किल्ल्याच्या भिंतीतच घरं कोरलेली. एका कठड्यावर बसलो. पाण्याची बाटली मला देत तो म्हणाला, "राहा तू. एनओसी देतो. त्यात काय."

"आणि तू?"

"मी जातो की. फ्लॅट आहे."

झालं. इतकंच. इतके दिवस काळजात दगड घेऊन फिरले आणि हा म्हणतो त्यात काय! मला आनंद व्हायला हवा. भांडला असता तर बरं झालं असतं. मी नसलेलं घर याला इतक्या पटकन दिसलं कसं? की मला जसं तो नसलेलं घर जूनपासून दिसतंय, तसंच?

१८ ऑगस्ट, रविवार

बोटीने ज्वालामुखीच्या बेटावर. काळे दगड, गंधकाचा वास, फटीतून ऊन वाफ. गाइड म्हणाली, झोपलाय, मेलेला नाही. चंद्रहासने फटीवर हात धरला. "गरम आहे गं," म्हणाला, आणि माझा हात धरून तिथे ठेवला. बराच वेळ सोडला नाही.

२३ ऑगस्ट, शुक्रवार. शारजा

सकाळी त्याने एनओसीवर सही केली. पेनाचं टोपण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "पुण्याला जाऊन मी करू काय, मीना?"

मी सहीचा कागद उचलला.

"दौलतभाई सांगत होता. बायको शिक्षिका असली तर ती नवऱ्याला स्पॉन्सर करू शकते म्हणे." टोपण पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. "घेशील मला? तुझ्या व्हिसावर?"

माझ्या पासपोर्टात शिक्का आहे: हाउसवाइफ, नोकरीस परवानगी नाही. स्पॉन्सर, पती. दर तीन वर्षांनी तो नवा झाला. मला कुणी कधी काही विचारलं नव्हतं.

"विचार करून सांगते," मी म्हणाले.