वालाला चाळीस मिनिटे पाणी

१८ नोव्हेंबर, सकाळी ७.१०
आजपासून रोजनिशी. रोज पाच ओळी. भावना नाहीत, फक्त निरीक्षण. कोणी वाचणार नाही, म्हणून नेमके लिहायचे.

संस्थेच्या ‘नवे शेतकरी’ कार्यक्रमाची कर्जत-खालापूरची जबाबदारी माझ्याकडे आली. मी एम.टेक., सिंचन. हे मिरवायला नव्हे, नोंद म्हणून. बाबांनी विचारले, की ऋजुता, तू शेतात कधी गेली आहेस का. मी म्हटले, की उपग्रहाचे फोटो आहेत.

दोन शेतकरी निवडले. पहिले वाल्मिकराव, माजी हवालदार, वय ४१. एकोणिसाव्या वर्षी सैन्यात गेले ते यंदा परतले. चौकजवळ वाटणीत आलेली वीस गुंठे जमीन. दुसऱ्या, कोंडाण्याच्या बायजाबाई, वय ५४. तीस वर्षे लोकांच्या शेतात मजुरी, यंदा प्रथमच स्वतः खंडाने जमीन घेतली. आमच्या व्याख्येनुसार ज्याला स्वतःच्या शेतीची दहा वर्षे झाली नाहीत तो नवखा. म्हणून बायजाबाईही नवख्या. बी किती खोल टाकायचे ते त्यांना स्लाइडवर दाखवले. त्या स्लाइडऐवजी माझ्या हातांकडे पाहत होत्या. एकाग्रता चांगली.

(पाच ओळींत मावले नाही. पहिला दिवस आहे.)

२१ नोव्हेंबर
पीक: वाल. भात निघाला की इथे सगळे वाल टाकतात आणि विसरून जातात. जमिनीतल्या ओलीवर येतो म्हणे. याला नियोजन म्हणत नाहीत. मी दोन्ही शेतांत ठिबक बसवून घेतले. जोडीला ओलावा मोजणारा एकेक सेन्सर. तो मातीत खोचायचा, दर तासाला आकडा माझ्या फोनवर येतो. लक्ष्य: ओलावा ३० टक्के. पाणी: रोज वीस मिनिटे.

बायजाबाई म्हणाल्या, की ताय, वालाला पानी नाय लागत गं. पानी दिलंस की तो माजतो, मग शेंगा कशाला धरंल? मी त्यांना बाष्पोत्सर्जन समजावले. अकरा मिनिटे. त्या म्हणाल्या, बरं. पटले.

वाल्मिकराव म्हणाले, जी मॅडम. पटले.

२ डिसेंबर
चौकला गेले. वाल्मिकरावांची पत्नी सोनाली मेडिकल दुकानात कामाला आहे. चहा दिला आणि माझ्यादेखत नवऱ्याला म्हणाली, की होळीपर्यंत बघते मी. शेंगा दिसल्या तर ठीक, नायतर फॅक्टरीच्या गेटवर जागा हाय, दादानं बोलून ठेवलंय. मग मला म्हणाली, की मॅडम, तुमी शिकलेल्या, तुमीच सांगा यांना. मी म्हटले, की होळीपर्यंत मॉडेल प्लॉट होईल. हे आश्वासन नव्हे, अंदाज होता.

बांधापर्यंत सोडायला आले तेव्हा वाल्मिकराव म्हणाले, की बावीस वर्षं दुसऱ्याच्या हद्दीवर उभा राहिलो मॅडम, आता आपल्या हद्दीत बसायचंय. फॉर्मवर लिहिले: ‘लाभार्थी प्रेरित.’

९ डिसेंबर
वाल्मिकरावांचा रोज मेसेज येतो: ‘०६०० वाजता पाणी सोडले. ०६२० वाजता बंद केले. सर्व ठीक.’ एकही दिवस चुकलेला नाही. पण त्यांचा आलेख खालीवर होतो. २४, २९, २२.

बायजाबाईंचा मेसेज कधीच नाही. पण आकडा ३१. काल ३१. परवा ३१. इतकी सरळ रेषा मी प्रयोगशाळेतही पाहिली नव्हती.

निर्णय: वाल्मिकरावांचे पाणी तीस मिनिटे. बायजाबाईंचे उदाहरण त्यांना कळवले. ते म्हणाले, जी मॅडम.

१३ डिसेंबर ते २५ डिसेंबर
नोंद नाही. अहवालाचे काम होते. आकडे फोनवर येत असताना शेतात जाणे म्हणजे पेट्रोल जाळणे. संस्थेचा कार्यक्रमच पर्यावरणपूरक आहे.

२७ डिसेंबर, माथेरान
दोन दिवसांची कार्यशाळा. विषय: ‘शेतकऱ्याच्या जवळ कसे जावे’. हॉटेल चांगले. बायजाबाईंच्या रेषेवर मी सादरीकरण केले. टाळ्या. आमचे कार्यक्रमप्रमुख अनुपम सर म्हणाले, की फेब्रुवारीत देणगीदारांना घेऊन हिच्याच शेतात जाऊ. घोडेवाल्याने विचारले, की मॅडम, कसली मीटिंग हाय? सांगितले. तो म्हणाला, की मंग हितं कशाला आलाव, वर शेती कुठं हाय?

११ जानेवारी
वाल्मिकरावांनी फोटो पाठवला. वाल कमरेपर्यंत. गर्द हिरवा. मी वजनाचा अंदाज काढला, अपेक्षेच्या १.८ पट पाला. लिहिले: ‘उत्कृष्ट वाढ.’

त्यांनी फोन करून विचारले, की मॅडम, शेंगा कधी? मी म्हटले, की आधी पाया. पाणी चाळीस मिनिटे.

ते म्हणाले, की मॅडम, शेजारचा नवनाथ हसतो. म्हणतो, हवालदार, गवत लावलंस काय रं? मी म्हटले, की परंपरागत शेतकरी नव्या तंत्राला हसतातच. ते म्हणाले, जी मॅडम. या वेळी ‘जी’ आणि ‘मॅडम’ यांच्यात अंतर होते. नेटवर्क.

३० जानेवारी
बायजाबाई कर्जतच्या बाजाराला आल्या होत्या. घरी येऊन पिशवीभर शेंगा ठेवून गेल्या. आईने लगेच सोलायला घेतल्या. बायजाबाई म्हणाल्या, की पोपटी लाव गं ताय, मडक्यात भाज, दाणा भरलाय. मी विचारले, की ठिबक नीट चालते ना. त्या म्हणाल्या, नळी लय मजबूत हाय. अभिप्राय नोंदवला.

६ फेब्रुवारी, कोंडाणे, दुपारी १२.४०
शांतपणे लिहायचे.

अनुपम सर आणि चार देणगीदार. बायजाबाईंचे शेत. वाल गुडघ्याएवढा, पाने पिवळट, जमिनीला भेगा. आणि शेंगा. बोट ठेवायला जागा नाही इतक्या.

मी फोन दाखवला: या क्षणी ओलावा ३१. एका देणगीदाराने भेगेत पेन घातले. ते आत गेले आणि परत आले नाही.

सेन्सर शेतात सापडला नाही. बायजाबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, तो खिळा होय? तो घरी हाय, मोरीत.

मोरीत पत्र्याचा डबा. डब्यात माती. मातीत सेन्सर. वरून हंड्याचे पाणी ठिबकते. ठिबकच्या नळीवर दारात लुगडी वाळत होती.

मी कारण विचारले. त्या म्हणाल्या, की तुला तीस लागत व्हतं ना गं? शेतात तेवढं ठेवलं असतं तर पीक गेलं असतं. मोरीत ठेवलं, तू बी खूश, वाल बी खूश. आणि शेतात ढोरानं तुडवला असता म्हंजे? तुजी महागाची वस्तू.

देणगीदार शेंगांचे फोटो काढत होते. अनुपम सर माझ्याकडे पाहत नव्हते.

तांत्रिकदृष्ट्या सेन्सर अचूक होता. हे सरांना लेखी कळवणार.

त्याच दिवशी, दुपारी ४.१५
परतताना बायजाबाईंनी विचारले, की तुजा दुसरा शेतकरी कसा हाय? मी सांगितले, की तुमच्याच आकड्याबरहुकूम चौकच्या वाल्मिकरावांचे पाणी वाढवले, आता चाळीस मिनिटे. त्यांनी कपाळावर हात मारला. अगं, म्हणाल्या, मोरीचं पानी बघून त्या बिचाऱ्याचं शेत बुडवलंस? मग म्हणाल्या, माजं बी चुकलं. मला काय ठावं त्यात दुसरा अडकलाय.

माझे चुकले असे कोणी म्हटले नाही, म्हणून नोंद नाही.

९ फेब्रुवारी
०६०० चा मेसेज आला नाही. नेटवर्क.

१० फेब्रुवारी
आला नाही. फोन केला. सोनालीने उचलला. म्हणाली, की कोंडाण्याची एक मावशी टमटमनं आलीया, काल पाण्याचा कॉकच बंद केला तिनं. शेंडे खुडतायत दोघं. मी म्हटले, की माझ्या सूचनेशिवाय वेळापत्रक बदलता येत नाही. ती म्हणाली, मॅडम, होळीला महिना राहिला, आणि फोन ठेवला.

मागून बायजाबाईंचा आवाज येत होता, की उपाशी ठेव रं त्याला, मरायला टेकला की पोरंबाळं सुचतात.

विज्ञानाच्या भाषेत याला ‘नियंत्रित जलताण’ म्हणतात. म्हणजे संकल्पना आमचीच.

१९ फेब्रुवारी
वाल्मिकरावांचा आलेख: १४. मी पाण्याची सूचना पाठवली नाही. वाट पाहण्याचा हा निर्णय माझा.

९ मार्च
होळीला पाच दिवस. चौकला गेले. वालाला शेंगा. खूप नाहीत, एका कडेला, उशिरा आलेल्या, वाकड्या. सोनालीने एक सोलून दाणा दातांनी फोडून पाहिला. नवऱ्याला म्हणाली, की दादाला सांगते, गेटवर दुसरा माणूस बघ. एक साल अजून. पण मावशीला विचारून, कळलं का? ते तिला जी मॅडम म्हणाले. ती हसली. मी तिथे होते.

मग वाल्मिकरावांनी मला एक कागद दिला. सुवाच्य अक्षर, डावीकडे समास, खाली सही, तारीख आणि साक्षीदार म्हणून बायजाबाईंचा अंगठा.

‘विषय: कार्यक्रमातून मुक्त करण्याबाबत. महोदया, आपण दिलेल्या प्रशिक्षणाबद्दल आभार. मला शेती करायची आहे. तरी कार्यक्रमातून मुक्त करण्याची कृपा व्हावी, ही नम्र विनंती.’

ताठ उभे राहून दिला. खोचकपणा दिसला नाही. दोनदा पाहिले.

संध्याकाळी ६.०५
अर्ज ॲपमध्ये भरायला घेतला. ‘बाहेर पडण्याचे कारण’ सक्तीचे आहे. पर्याय चार: मृत्यू, आजार, स्थलांतर, नोकरी. ‘शेती’ असा पर्याय नाही. ‘इतर’ही नाही. अनुपम सरांना विचारले. ते म्हणाले, की त्यातल्या त्यात आपली बाजू बरी दिसेल ते टाक.

नोकरी टाकले.

हिरवी टिक आली.