एक चमचा छुई

आई,

तुला जाऊन एकवीस वर्षं झाली आणि माझा राग अजून गेलेला नाही. आज सकाळी माझ्याकडे साबण शिकायला येणाऱ्या मुलीनं विचारलं, "दीदी, साबुन में मिट्टी क्यों? ये तो मिलावट हुई ना?" भेसळ! तुझाच शब्द, फक्त हिंदीत. मी नको तेवढ्या चढ्या आवाजात तिला सांगितलं की मातीनं वडी गुळगुळीत होते, अंगावरून सरकते, वास धरून ठेवते. हे सगळं मला कुणी शिकवलं? तूच ना?

अधारतालचं आपलं स्वयंपाकघर मला अजून दिसतं. कुंडमहून आणलेलं मोहाच्या बियांचं तेल पातेल्यात कोमट होतंय, कॉस्टिक सोड्याचं पाणी खिडकीत निवतंय, आणि ज्या पांढऱ्या छुईनं लोक घरं पोतारतात तीच माती तू वस्त्रगाळ करून भिजवते आहेस. कोरडी टाकली तर गुठळ्या होतात, म्हणून आधी भिजवायची. "एका घाण्याला एक चमचा," तू बजावायचीस. "जास्त झाली का फेस खाऊन टाकते ते."

मग त्या दुपारी तू काय केलंस? मी सतरा वर्षांची होते. तू नागपूरला गेली असताना मी एकटीनं घातलेला तो माझा पहिला घाणा होता. तू परतल्यावर शेजारीण त्यातली विकत घेतलेली वडी परत घेऊन आली, "चाची, इसमें झाग ही नहीं आता." मला आत बोलावून विचारलं असतंस तर तुझं काय बिघडलं असतं? पण नाही. दारात चार बायका उभ्या असताना तू काचेच्या ग्लासात गरम पाणी घेतलंस, वडीचा तुकडा त्यात कुस्करलास, ढवळलास आणि ग्लास उंबऱ्यावर ठेवलास. सगळ्यांना थांबवून ठेवलंस. हळूहळू तळाशी पांढरा गाळ बसला.

"देख लो," तू म्हणालीस, "मेरी लड़की साबुन नहीं, मिट्टी बेच रही है." आणि माझ्याकडे वळून, "काहून केलं असं? भेसळ आहे हे. आता पातेल्याजवळ येऊ नको."

आणि खरंच कधी येऊ दिलं नाहीस. मी लग्नानंतर, परक्या घरी, हात भाजून घेत सगळं पुन्हा शिकले. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा मी माझ्या हातची वडी घेऊन आले होते. तू ती हुंगून उशाशी ठेवलीस, बोलली मात्र नाहीस. एक शब्द जड झाला तुला! म्हणून आजवर मी ज्याला त्याला सांगत आले, एक चमचा छुईसाठी आईनं चारचौघांत माझी अब्रू घालवली.

जाताना त्या मुलीनं विचारलं, "दीदी, कितनी डालनी है?" मी म्हटलं, एक चमचा. आणि ती गेल्यावर हे लिहायला बसले. हे कुठं पाठवणार? छुईच्या डब्यात घडी करून ठेवीन.

तो पहिला घाणा ढवळताना पातेलं माझ्या हातून कलंडलं होतं. निम्मं जमिनीवर गेलं. तू रागावशील म्हणून मी फरशी पुसून काढली आणि साचे भरावेत म्हणून छुई ओतली. तुला तो गाळ बघूनच कळलं असणार. दारात तसं करायला नको होतंस, हे मी आजही म्हणते. पण तो चमचा नव्हता, आई. दोन वाट्या होत्या.