आपला संघ हरेनासा झाल्याबद्दल

ती. मामा,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच साष्टांग, कारण माझी कंबर गेल्या आठवड्यापासून धरली आहे. ती कशाने धरली ते पुढे येईलच, पण फुटबॉलच्या पायी धरली एवढं आत्ताच सांगून ठेवते.) डोळ्याचं ऑपरेशन नीट झालं हे ताईकडून कळलं. थेंब वेळेवर टाकता ना? मामी म्हणतात की टाकतात, पण अर्धे गालावर जातात. मामा, तुमच्या भाचीचं चष्म्याचं दुकान आहे, आणि तिच्या मामाने औषध गालाला लावावं हे चार लोकांत बरं दिसत नाही. खालची पापणी जरा ओढायची, छताकडे बघायचं आणि बाटली डोळ्याला टेकू द्यायची नाही. नवा चष्मा मात्र तिकडे करू नका. तिकडची माणसं काड्या कशा वाकवतात ते ताईच्या चष्म्यावरून मला समजलंय. मामींचा गुडघा बरा असेल, नातीचे दुधाचे दात वेळच्या वेळी पडत असतील, जावईबापूंचं ऑफिस अजून त्यांना घरी सोडत असेल. इकडे आम्ही सगळे मजेत आहोत.

मजेत आहोत हे रीत म्हणून लिहिलेलं नाही, त्यातच सगळी गोम आहे. शनिवारी संध्याकाळी आपल्या गावात कोणी मजेत असल्याचं तुम्हाला तरी आठवतं का? तुम्ही लेकीच्या घरी, ताईकडे राहायला गेलात आणि पंधरवड्यात यंदाची लीग सुरू झाली. तेव्हापासून आपण हरायचंच थांबलो आहोत. मध्ये एकदा हरलो, ते नियमापुरतं. आता एकच सामना उरलाय आणि त्यात नुसती बरोबरी झाली तरी आपण वरच्या गटात जातो. मी शाळेत दोन वेण्या घालून जात होते तेव्हापासून ज्या तळच्या गटात आपण मुक्काम ठोकलाय, तो सुटतो. या सामन्याला तुम्ही येणार असं तुम्ही ताईला सांगितलंत, ताईने मला सांगितलं, मी मैदानावरच्या आपल्या स्टँडमध्ये सांगितलं, आणि तिथून हे पत्र निघालं. फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही. त्या येण्यासंबंधी तुम्हाला काही कळवायचं काम माझ्यावर टाकलेलं आहे. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला भाचीच सापडते. ते काम मी सावकाश करते, आधी इथली हकिकत ऐका.

आपल्याकडे गुणतक्ता खालून वर वाचायची पद्धत आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत. (वरून वाचणारा माणूस परगावचा समजावा असंही तुम्हीच सांगितलं होतं.) तर दोनेक महिन्यांपूर्वी सकाळी दुकान उघडून पेपर पसरला आणि सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. आपण नाही. त्याच्या वर पाहिलं, तिथे नाही. त्याच्याही वर नाही. आणखी दोन ओळी चढले आणि तिथेच थांबले, कारण त्यापुढे जायची वेळ आयुष्यात कधी आली नव्हती. संघ बंद केला असणार, दुसरं काय? समोरच्या शिंपीकाकांकडे धावले. त्यांनी कापडाखालून आपला पेपर काढून तेवढ्याच ओळी तपासल्या आणि गळ्यातली टेप काढून मशीनवर ठेवली. वाटेत पोस्टमास्तरांना घेतलं. (निवृत्त होऊन त्यांना किती वर्षं झाली देव जाणे, पण स्टँडमध्ये अजूनही त्यांच्या शेजारी शिस्तीत बसावं लागतं.) आम्ही तिघे क्लबच्या कचेरीत भेटायला गेलो, म्हणजे जसं भेटायला जातात तसं. पोस्टमास्तर चिटणिसांचा हात हातात घेऊन म्हणाले, फार सोसलं हो, सुटला बिचारा. चिटणीस पांढरेफटक पडले आणि कोण गेलं म्हणून विचारू लागले. काकांनी संघ गेल्याचं सांगितलं. मग त्या गृहस्थांनी आमच्यासमोर पेपर उलगडला आणि वरून दुसऱ्या ओळीवर बोट ठेवलं. आनंद कसला होतोय, पोस्टमास्तरांनी आधी पाणी मागितलं.

त्या दिवसापासून स्टँडमध्ये नियम झाला की आशेचा शब्द तोंडातून काढायचा नाही. कोणी काहीही विचारलं तरी बघू म्हणायचं, बस्स. काकांचा जावई पाहुणा म्हणून आला होता, तो यंदा जमेल असं बोलून गेला आणि त्याच संध्याकाळी आपण ती एक मॅच हरलो. काकांनी मुलीला फोन करून नवऱ्याला जरा आवर म्हणून सांगितलं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताक फुंकून पितो, आम्ही पाणीसुद्धा फुंकून पितोय. आमच्या घरी यावरून वेगळाच घोर लागलाय. आमच्या ह्यांचं म्हणणं असं की पूर्वी शनिवारी रडत यायचीस तर जेवून झोपायचीस, आता गप्प येतेस आणि बसल्या जागी एकटीच हसतेस, तेव्हा एकदा डॉक्टरांना दाखवून घेऊ.

आता माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. लहानपणी घड्याळ खोलून ठेवलं होतं तेव्हा तुम्हीच मला चोंबडी हे नाव दिलंत आणि ते सासरपर्यंत पोचवलंत. तीच माणसं, तेच मैदान, तेच भोक पडलेले मोजे, आणि संघ जिंकतो म्हणजे काय? कुठेतरी काहीतरी बदललं असलंच पाहिजे आणि ते काय ते कळल्याशिवाय मला अन्न गोड लागेना. पहिला संशय गोलकीपरवर. पूर्वी त्याच्या पायांमधून चेंडू जायचा, हल्ली जात नाही. मला वाटलं, याने गुपचूप कुठेतरी नंबर काढून डोळ्यांत लेन्सा बसवल्या असणार. दुकानात बोलावून फुकटात तपासणी करते म्हटलं. अगदी खालची, मुंगीएवढ्या अक्षरांची ओळ त्याने घडाघडा वाचून दाखवली. लेन्स नाही, नंबर नाही, जन्मापासून डोळे ठणठणीत. म्हणजे मामा, इतकी वर्षं त्याने जे गोल खाल्ले ते सगळे व्यवस्थित बघून खाल्ले. मी त्याला एवढंच विचारलं की मग आता काय झालं, तर म्हणाला ताई, मलाही समजत नाही, हल्ली चेंडू हातातच येतो.

मग मैदानाकडे वळले. मैदानाला उतार आहे आणि पूर्वार्धात आपल्याला चढावर खेळावं लागतं, हा तुमचा जुना सिद्धांत. मला वाटलं, यंदा कोणी भर टाकून उतार काढला असेल. गवंड्याकडून पाणसळ मागून आणली (ती काचेच्या नळीत बुडबुडा असलेली पट्टी) आणि भर दुपारी मैदानावर ओणवी होऊन जागोजाग ठेवत गेले. कंबर धरली ती तिथे. अर्ध्या मैदानापर्यंत पोचले तोवर रखवालदार धावत आला, त्याच्यामागे चिटणीस. मी सरकारी मोजणीला आलेय असा दोघांचा समज झाला. मला खुर्ची दिली, चहा दिला, आणि भिंत आमच्या हद्दीतच आहे हो, शेजाऱ्यांचं ऐकू नका, म्हणून अर्धा तास समजूत काढली. चेहऱ्याची ओळख पटली तेव्हा चहा अर्धा राहिला होता, तोही उचलून नेला. निष्कर्ष सांगते, पण मनाला लावून घेऊ नका. उतार आहे. फक्त तो आडवा आहे, स्टँडकडून समोरच्या भिंतीकडे, आणि दोन्ही गोलांना सारखाच. तुमचा चढ इतकी वर्षं कुठून आला ते तुम्हालाच ठाऊक.

राहता राहिला नवा कोच. जुना कोच रेषेवर उभा राहून एवढा ओरडायचा की आपले खेळाडू चेंडूकडे बघायचं सोडून त्याच्याकडेच बघायचे. हा तोंड उघडत नाही. मी दोन सामने त्याच्या बरोब्बर मागे बसले, काही गुपित कानावर पडेल म्हणून. त्याने पूर्ण वेळात एकदाच कोणाला तरी बुटाची नाडी बांध म्हणून सांगितलं. मग एकदा तो वाण्याच्या दुकानात दिसला, तर मी त्याच्यामागे रांगेत शिरले. त्याने साबण घेतला, काडेपेटी घेतली, मीही काही सुचेना म्हणून साबण आणि काडेपेटी घेतली. बाहेर आल्यावर त्याने वळून शांतपणे मला काय हवंय म्हणून विचारलं. मामा, अभिनंदन करायचं, सही घ्यायची, काहीही चाललं असतं. माझ्या तोंडून निघालं, हे किती दिवस चालेल हो? जणू घरात कोणाला ताप आहे. त्याने खरोखर विचार केला, डोकं खाजवलं आणि मलाही तेच बघायचंय असं सांगून निघून गेला. माणूस प्रामाणिक आहे, पण माझ्या कामाचा नाही.

तुम्ही म्हणाल, एवढी उठाठेव कशासाठी? खरं सांगते. स्टँडमध्ये या जिंकण्याचं कारण केव्हाच ठरलंय, आणि ते कारण तुम्ही आहात. पोस्टमास्तरांनी हिशोब मांडला की इतक्या वर्षांत आपण जे दोन महत्त्वाचे सामने जिंकलो, त्यातल्या एकाला तुम्ही गालगुंडाने घरी होतात आणि दुसऱ्याच्या दिवशी ताईचं लग्न होतं. आणि यंदा तर तुम्ही सामानसुमान घेऊन गावच सोडलंत. मी भांडले. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडते, त्यात कावळ्याचा काय दोष, असं सुनावलं. त्यावर शिंपीकाकांनी एवढंच म्हटलं की फांदी दर वेळी मोडत असेल तर कावळ्याने दुसरं झाड बघावं. (कावळा तुम्हाला म्हटलं त्याची माफी असावी. उदाहरण माझंच होतं, त्यांनी फक्त वापरलं.) म्हणून मी दुसरं कारण शोधत गोलकीपरचे डोळे तपासले, कंबर मोडून घेतली आणि घरात नको तेवढा साबण भरला. एक जरी कारण हाती लागलं असतं, तर त्यांच्या तोंडावर मारून तुम्हाला उजळ माथ्याने बोलावलं असतं. काही म्हणजे काही मिळालं नाही. घोडामैदान आता जवळ आलंय, प्रवास मोठा आहे, डोळाही नाजूक आहे, तेव्हा काय ते तुम्ही आपल्या मनाने ठरवा. मामींना नमस्कार, नातीला गोड पापा.

तुमची चोंबडी

ता. क. शिंपीकाका आणि पोस्टमास्तर दुकानात येऊन हे पत्र वाचून गेले. पानंच्या पानं भरलीस आणि मुद्दा लिहिलाच नाहीस, असा ठपका आला. म्हणून त्यांच्या देखत लिहिते. मामा, शेवटच्या सामन्याला कृपया येऊ नये. सामना झाला की दुसऱ्याच दिवशी यावं, सगळा स्टँड तुम्हाला घ्यायला येईल. आमचा तुमच्यावर राग नाही. (कृपया दोनदा घाल असं पोस्टमास्तर म्हणाले. कृपया.) हे लिहून होईपर्यंत काका पाठ फिरवून फ्रेमा बघत उभे होते, आणि त्यांना चष्मा लागत नाही.

ता. क. दुसरा. ते गेले. मामा, तुम्ही या. मागच्या सामन्यात शेवटी शेवटी आपण गोल केला, मी उठले आणि डावीकडे वळून तुमच्या जागेवरच्या माणसाला कडकडून मिठी मारली. तो पाहुण्या संघाचा होता, चुकून आमच्यात येऊन बसलेला. भला माणूस, नुकताच गोल खाल्लेला असूनही त्याने माझ्या पाठीवर थोपटलं. घरी येऊन मी खूप रडले. हे खूश झाले, म्हणाले, आता बरी दिसतेस. मला तुमची फार आठवण येते हो. हरायचो तेव्हा यायची नाही, कारण तेव्हा तुम्ही शेजारी असायचात. वरच्या गटात गेलो काय आणि न गेलो काय, ते तुम्ही तिथे नसताना झालं तर मी कोणाकडे बघू? हरलो तर माझ्यावर ढकला, काकांशी मी बोलेन.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. फक्त एक करा. मध्यंतराला आपण मागे असलो, तर पाय मोकळे करतो म्हणून उठा आणि गेटाबाहेर जरा उभे राहा. मी असलं काही मानत नाही, शिकलेली बाई आहे. पण आतून आरडाओरडा ऐकू आला म्हणून लगेच धावत येऊ नका, सामना संपेपर्यंत तिथेच थांबा. मिठी मारायला मीच बाहेर येईन.