पाचपैकी दोन

८ नोव्हेंबर
पाचपैकी दोन! गुण दिले, आणि माझ्या चॅनलवर परीक्षणाचा व्हिडिओ टाकूनही दिला. नवा 'स्टील जॅकल' गेम दिसायला झकास, पण खेळायला? जुन्या तिन्ही भागांत शत्रू वार करायच्या आधी श्वास ओढायचा. तो ऐकायला शिकायचं, तरच जीव वाचायचा. मला महिना लागला होता. नव्यात वार येणार म्हटलं की अख्खा पडदा लाल होतो, सगळं संथ होतं. मी नुसतं बटण दाबायचं! मग शिकायचं काय?

९ नोव्हेंबर
चारशे कमेंट. 'ताई, भाकऱ्या थापा.' थापते की! त्याही येतात मला. व्हिडिओ राहणार.

१२ नोव्हेंबर
आईनं कडेगावचं स्थळ आणलंय. वीरधवल. पुण्यात असतो, गेम बनवायच्या कंपनीत. आई खूश — "तुझ्याच नादातला हाय की गं!"
संध्याकाळी मध्यस्थाचा, म्हणजे नानासोमामांचा फोन. बोलतच नव्हते, ओरडत होते. "अंकिता, आगं तू फाडलेला खेळ त्यांच्याच कंपनीनं केलाय! शेवटची मारामारी तर त्या पोरानं सोता केलीया!"
शेवटची मारामारी. जिला मी व्हिडिओत 'वरातीतला लेझर शो' म्हटलंय.

१३ नोव्हेंबर
आई म्हणाली, "काढून टाक त्यो व्हिडिओ. रविवारी येणार हायती."
नाही म्हटलं.
"मग निदान तीन तरी कर."
पलूसच्या शाळेत गणिताचे पेपर तपासते मी. तिथं कुणाचा बाप बघून मार्क देत नाही, इथं का देऊ? आई जेवली नाही. मग मीही नाही.

१५ नोव्हेंबर
अबोला. व्हिडिओ आहे तिथंच आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार
आले. तो आणि त्याचे आईवडील. पोहे झाले. मोठ्यांनी आम्हा दोघांना बाहेरच्या खोलीत बोलायला बसवलं. तोच आधी बोलला.
"व्हिडिओ बघितला तुमचा. दोनदा."
"मत बदलणार नाही."
"मी कुठं म्हणतोय बदला? 'लेझर शो' मनाला लागलं मात्र."
मी सरळ विचारलं — जुन्यात शेवटी नायिका तलवार टाकून देते, ती जागा का काढली? त्याचे कान लाल झाले.
"जुना मी खेळलोच न्हाई कधी. आमच्या घरात कॉम्प्युटर आला तवा मी इंजिनिअरिंगला होतो. कंपनीनं क्लिपा दाखवल्या, त्यावरनं केलं."
खेळलाच नाही! लय राग आला. म्हटलं, बसा मग. जुनं कन्सोल टीव्हीला जोडलं, जुना भाग लावला आणि कंट्रोलर त्याच्या हातात दिला.
नऊ वेळा मेला. आई दारात येऊन — "पावण्यास्नी मारतीयास व्हय गं!"
दहाव्या वेळी त्यानं डोळे मिटले. नुसतं ऐकलं. वाकला — वाचला! असा ओरडला की त्याचे वडील पळत आले.
निघताना चपला घालत म्हणाला, "दोन बी जास्तच दिलं तुमी."
"नाही. दोनच बरोबर आहेत."
हसला. गेला.

१८ नोव्हेंबर
आईला सांगितलं, माझा होकार कळव.
तिकडून अजून काही निरोप नाही.